आईचा लेयर

९ फेब्रुवारी

ठके,

आशीर्वाद लिहून सुरुवात करायची पद्धत आहे, पण माझ्याकडून तू तो घेशील की नाही कोण जाणे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोनवर मला ब्लॉक केलंस ते कळलं. माझे अकरा मेसेज एका टिकवर ताटकळत उभे आहेत. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तूच लहानपणापासून सांगत आलीस. सांभाळून घे.

आईचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. तू आल्याशिवाय उघडणार नाही असं मावशीला सांगितलंय. ती वैतागली आहे. म्हणते, दोघी सख्ख्या बहिणी आणि या वयात मला निरोप्या करून ठेवलंय. तिचं काही चुकत नाही.

मी चित्रं काढलेल्या पुस्तकाचं तू तिच्याकडे विचारलंस म्हणे. ते अजून छापून आलेलं नाही. प्रकाशकांचं माहीत आहे ना तुला, आज उद्या करत महिने काढतात. आलं की पाठवते.

आता त्या दिवसाचं. आई जाऊन तीनच दिवस झाले होते, घरात माणसं बसलेली, आणि तू सगळ्यांदेखत मला विचारलंस, "ताई, शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या हातात एकदा तरी पेन दिलंस का?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तू तिला दवाखान्यात नेलंस, चार दिवस तिला सुया टोचायला लावल्यास, तिथेच ती खचली, तू नेलंस म्हणून ती गेली. रागात बोलले. चार माणसांत बोलायला नको होतं हे मला कळतं. पण तूही काही कमी बोलली नव्हतीस.

मी मोठी आहे म्हणून मीच आधी लिहायचं, हे मला मान्य आहे. लिहिलं. आता तू ये.

ताई

२७ फेब्रुवारी

ठके,

तुझ्या नवऱ्याचा काल फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस. बिचारा घाबरलाय. अर्धा तास बोलला आणि त्यातला निम्मा वेळ "ताई, तिला सांगू नका हं" एवढंच म्हणत होता. मी लगेच तुला सांगते आहे, हा माझा स्वभाव त्याला अजून कळलेला नाही.

तू प्रयोगशाळेतली नोकरी सोडलीस म्हणे. दिवसभर दवाखान्याची फाईल मांडीवर घेऊन बसतेस, रिपोर्ट पुढून मागून वाचतेस आणि त्याला विचारतेस, या चार दिवसांतला कुठला दिवस चुकला. ताट समोर ठेवलं तर ठेवल्या जागी गार होतं. तो म्हणाला, "ती रोज एकच वाक्य बोलते ताई, मी नेलं नसतं तर आई असती."

मी त्याला म्हटलं, तिला माझ्याशी बोलायला लाव. तो म्हणाला, "पण तुम्हीच तर तसं म्हणालात."

ती फाईल टाकून दे. तू डॉक्टर आहेस का? पक्षाघाताचा दुसरा झटका आलाय असं तुला वाटलं, म्हणून नेलंस. कुणीही नेलं असतं. आईनेच तुला फोनवर सांगितलं होतं, "हात गेला गं माझा." हे ऐकून कोण घरी बसेल? आणि रिपोर्टात काय निघालं? काही नाही. नवा झटका नाही, काही नाही. हात बरा होता ठके. मला माहीत आहे.

म्हणजे, रिपोर्टच सांगतात ना.

तू तो टॅब पाठवलास तो दिवस आठवतो? पहिल्या झटक्याला चार महिने झाले होते. व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी सांगून दमली होती की बोटं हलवा, चेंडू दाबा. आई तिच्यादेखत चेंडू दाबायची आणि ती गेली की तो खाटेखाली लोटून द्यायची. मी आपलं रोज झाडू घालून बाहेर काढायची. मग तुझा टॅब आला, सोबत पेन, आणि तू फोनवरून तिला चित्र काढायला शिकवू लागलीस. लेयर म्हणजे काय हे तू तिला तासभर समजावत होतीस. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ट्रेसिंगचे कागद एकावर एक ठेवायचे. मग तसं सांग की. एवढं काय पुराण लावलंयस?" तीस वर्षं लोकांच्या कापडांवर भरतकामाची नक्षी उतरवून देणाऱ्या बाईला आपण कागद शिकवायला निघालो होतो.

तू जेव. नोकरीचं नंतर बघू.

ताई

१६ मार्च

ठके,

पुस्तक आलं होतं. डिसेंबरातच आलं. माझ्या टेबलाखाली दहा प्रती बांधून पडल्या आहेत. मागच्या महिन्यात तुला मी खोटं लिहिलं.

पाठवलं नाही, कारण तू ते उघडून आधी काय बघशील हे मला ठाऊक आहे. प्रत्येक चित्राचा खालचा उजवा कोपरा. तिथे काही नाही. आईने काढलेली वेलीची पानं एकाही चित्रात छापलेली नाहीत.

कोपऱ्याचं सगळं श्रेय तू मला दिलंस, आल्यागेल्याला सांगितलंस की माझ्या ताईने आईला कामात घेतलं. खरं तर माझा कंप्युटर बंद पडला होता आणि मी तिच्याच टॅबवर माझं काम उरकत होते. एका दुपारी ती म्हणाली, "सगळा कागद तूच अडवून बसलीस, मला एक कोपरा दे." मी दिला. लहान मुलाला कणकेचा गोळा देऊन गप्प बसवतात, तसा दिला. बागेतल्या मुलांचं चित्र होतं. मी एक नवा लेयर केला, त्याला 'आई' नाव दिलं आणि म्हटलं, इथे वेल काढ. तिने तीन दिवस लावून सात पानं काढली. रेघ थरथरत होती, पण पानाची वळणं बघितलीस तर तिचीच. मग फोन करून तुला सांगितलं, "आम्ही दोघी पुस्तक करतोय."

ते चित्र मी प्रकाशकांकडे पाठवलं तसंच, आईच्या वेलीसकट. संपादकबाईंचा निरोप आला, कोपऱ्यातली वेल काढा, ती कच्ची वाटते. त्यांना कशाला बोल लावू? मलाही ती कच्चीच वाटली होती. लेयरच्या नावाशेजारी एक डोळ्याची खूण असते, तुला माहीतच आहे. तिच्यावर बोट ठेवलं की डोळा मिटतो आणि तो लेयर दिसेनासा होतो. पुसला जात नाही, नुसता दिसत नाही. मी आईचा डोळा मिटला, चित्र पाठवलं, आणि आई टॅब घ्यायच्या आधी तो परत उघडून ठेवला. पुढे तीच रीत पडली. चित्र पाठवताना मिटायचा, तिच्या हातात देताना उघडायचा. अकरा चित्रं अशी गेली.

तिला का नाही सांगितलं? आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. ती सकाळी अंघोळ करून केस विंचरून कामाला बसायची ठके. चेंडू खाटेखाली जायचा बंद झाला होता. मला कुठल्या तोंडाने सांगता आलं असतं?

बाराव्या चित्राच्या वेळी चूक झाली. मी प्रत्येक वेळी आधीच्या चित्राची फाईल कॉपी करून त्यातलं सगळं पुसायची आणि त्याच लेयरांवर नवीन चित्र सुरू करायची. वेळ वाचतो. त्या दिवशी अकरावं चित्र नुकतंच पाठवलं होतं, म्हणजे आईचा डोळा मिटलेला होता. तशीच फाईल कॉपी केली, आईचा लेयर रिकामा केला, माझं रेखाटन टाकलं आणि टॅब तिच्या मांडीवर ठेवला. डोळा उघडायचा राहिला. कोपरा रिकामाच असायला हवा होता, त्यामुळे तिला काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्या अ‍ॅपांमध्ये मिटलेल्या लेयरवर पेन टेकवलं की सूचना येते. आपल्या या जुन्या अ‍ॅपात येत नाही. तुम्ही काढत राहा, ते साठत राहतं आणि दिसत मात्र काही नाही.

दोन तास ती काढत होती. एकही रेघ उमटली नाही. त्या पेनाला जोर कमी पडला की रेघ फिकी येते, आणि मी तिला पहिल्यापासून सांगत आले होते, आई, जोर दे. त्यामुळे तिला वाटलं, जोरच संपला. संध्याकाळी तिने तुला फोन केला.

म्हणून लिहिते की तू नेलंस म्हणून काही झालेलं नाही. माझ्या हातून चुकून झालं. मला हे फार नंतर कळलं, ती गेल्यावर, फायली आवरताना. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.

पुस्तक पाठवते आहे.

ताई

१९ मार्च

ठके,

मागचं पत्र टाकून तीन दिवस झाले. पोस्टाच्या पेटीत हात घालून ते परत काढता आलं असतं तर काढलं असतं. त्यात शेवटी एक ओळ आहे, मला फार नंतर कळलं. ती खोटी आहे.

मला त्याच संध्याकाळी कळलं.

चारच्या सुमाराला आईने टॅब बाजूला ठेवला. "आज होत नाही गं," एवढंच म्हणाली. मी स्वयंपाकघरात होते, मी म्हटलं राहू दे, उद्या कर. मग माझं काम उरकायला टॅब घेऊन टेबलाशी आले. लेयरची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे एक छोटा चौकोन असतो, त्यात त्या लेयरवर काय आहे ते इवलंसं दिसतं. 'आई' च्या पुढचा चौकोन काळा झालेला होता. शेजारी डोळा मिटलेला.

मी तो उघडला.

आधी वेल होती. चांगली होती, आधीच्या अकरांपेक्षा चांगली. देठ, तीन पानं, चौथ्याचं टोक. मग तिच्या लक्षात आलं असणार की काही दिसत नाही. त्याच देठावरून ती परत फिरली, परत, परत. मग नुसत्या उभ्या रेघा. मग आडव्या. बोटाएवढ्या जाड, कोपऱ्यातून बाहेर आलेल्या, मी काढलेल्या मुलांच्या अंगावरून गेलेल्या. त्या पेनातून तितकी जाड रेघ मला सुद्धा येत नाही. तिचा हात गेला नव्हता ठके. इतका जोर त्या हातात झटक्यानंतर कधी आलाच नव्हता.

सगळ्यात खाली तिने सही करून पाहिली होती. कापडाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने करायची तशी, छोटी. ती मात्र सरळ होती.

मी किती वेळ बघत बसले ते सांगता येत नाही. मग डोळा परत मिटला.

उठून जाऊन सांगायचं होतं, आई, हे बघ, सगळं उमटलंय, वेडीच आहे मी, डोळा मिटलेला राहिला. एवढंच. ती मला दोन शिव्या घालून हसली असती. पण मग तिने विचारलं असतं, मिटलेला का होता? आणि ती सोडणारी नव्हती. तीस वर्षं गिऱ्हाइकांचे खोटेपणे पकडलेली बाई. अकरा चित्रांचं सगळं बाहेर आलं असतं, तिची पानं कुठेच गेली नाहीत, तिला मी खेळवत होते, हे. मला वाटलं, ते ऐकून ती मोडेल. मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे मला तिच्यासमोर उघडी पडायची भीती वाटली. आणि हेही लिहिते, आता काही ठेवत नाही: मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. टॅब दिवसभर माझ्याकडे राहणार होता. काम तुंबलं होतं.

वाटलं, उद्या नव्याने डोळा उघडून देऊ, रेघ आली की ती विसरून जाईल. दुसऱ्या दिवशी दिला. तिने हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तू दारात उभी.

दवाखान्याच्या त्या बाकावर चार दिवस आपण शेजारी बसलो होतो. तू माझा हात धरून ठेवला होतास. तू विचारलंस, "ताई, एका दिवसात असा हात कसा जाईल?" मी म्हटलं, "वय झालं की जातो." डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हात व्यवस्थित आहे, त्यांनी वापरायला हवा. तुझं तोंड उजळलं. मी आत गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "त्यांना काय कळतंय, मी दोन तास बघितलंय." तेव्हाही सांगता आलं असतं. पुढचे दोन महिने रोज सांगता आलं असतं. तिने चमचासुद्धा डाव्या हातात घेतला, मग उठणं सोडलं, मग छाती कफाने भरली. तू नेलंस म्हणून नाही. तू नेलं नसतंस तरी हेच झालं असतं, कारण घरात मी होते.

आणि मग माणसांनी भरलेल्या खोलीत मी बोट तुझ्याकडे केलं.

तो लेयर छापून सोबत ठेवला आहे. आधी एका कॉपीतल्या जाड रेघा पुसून फक्त वेल ठेवली होती, तुला कमी लागावं म्हणून. ती पाठवत नाही. जसं आहे तसं पाठवते. त्या रेघा बघ आणि ती दवाखान्याची फाईल बंद कर. मला माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही. लिहीत नाही.

ताई

८ एप्रिल

ठके,

तुझं पाकीट काल मिळालं. आत एवढा मोठा कोरा कागद आणि मधोमध एकच ओळ. "आईने तुला काही विचारलं होतं का?"

आज सकाळपासून मी तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा तुला दुसरंच काहीतरी सांगायला लागले. तेही सांगते. गेल्या रविवारी मी मावशीला बोलावलं, आणि त्या दिवशी खोलीत होते त्या सगळ्यांना. त्याच खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं, अकरा चित्रांपासून. हातात कागद धरला होता, नाहीतर मी मधलं गाळलं असतं. म्हटलं, धाकटीने नेलं म्हणून आई गेली असं मी म्हणाले होते ते साफ खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. मावशी उठली, चपला घातल्या. दारातून म्हणाली, "मी तिला रोज फोन करून तुझी बाजू सांगत होते गं." आणि गेली. आता तुझ्याशी माझ्याबद्दल बोलणारं कुणी उरलं नाही. सगळ्यांना सांगितलं तो तुझ्यावर उपकार नाही, ते व्हायलाच हवं होतं.

आता तुझा प्रश्न.

तू आईला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतीस. ती विचारल्याशिवाय राहणार नाही, हे तुला कळलं. मागच्या पत्रात मी लिहिलं, आता काही ठेवत नाही, आणि एक गोष्ट ठेवली होती.

मी टॅब घेऊन टेबलाशी गेले तेव्हा पेन तिच्याकडेच राहिलं होतं. लेयर बघून झाल्यावर, डोळा परत मिटल्यावर, ते आणायला मी तिच्या खोलीत गेले. ती खुर्चीत तशीच बसली होती. पेन उजव्या मुठीत होतं, घट्ट. मला बघून म्हणाली, "हे उतरलंय का गं? चार्ज-बिर्ज संपलं असेल. किंवा बिघडलं असेल. बघ ना जरा." मी हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "पेन चांगलं आहे, आई."

ती म्हणाली, "नीट बघितलंस?"

मी म्हटलं, "आत्ताच त्याने काम केलं मी."

पेन तिच्या मुठीत होतं ठके. मी काम कशाने केलं असणार? हे तिच्या लक्षात आलं की नाही, मला अजून माहीत नाही. ती थोडा वेळ पेनाकडे बघत राहिली. मग डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, पेन काढलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "घे. तुझं काम खोळंबलं असेल."

मी घेतलं.

ताई